वाचकांचे प्रश्न : स्टॅक संपतो तेव्हा

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न एकाच जागी येऊन थांबतात. प्रोग्राम चालता चालता स्टॅक (फंक्शनच्या प्रत्येक बोलावण्याची तात्पुरती माहिती ठेवणारी मेमरी) संपतो आणि सगळे बंद पडते. प्रत्येकाचे यंत्र वेगळे, भाषा वेगळी, पण उत्तर लिहायला बसलो की आम्हाला दर वेळी आधी एकच गोष्ट पाहावी लागली : स्टॅक किती खोल जाणार हे कोण ठरवते, तुमचा कोड की बाहेरून आलेला डेटा? कोड ठरवत असेल तर खोली मोजता येते. डेटा ठरवत असेल तर स्टॅक कितीही वाढवा, त्याला पुरून उरणारी फाइल कोणीतरी पाठवणारच.

प्रश्न : सी++ मध्ये झाडावर रिकर्शनने (फंक्शनने स्वतःलाच बोलावून) डीएफएस (आधी खोलात जाणारी फेरी) लिहिला आहे. दहा लाख नोड्सचे संतुलित झाड दिले तर नीट चालतो. पण सरळ साखळीसारखे झाड दिले की लाखाच्या आतच 'सेगमेंटेशन फॉल्ट' (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) येतो. मैत्रिणीच्या विंडोज लॅपटॉपवर तर दहा-अकरा हजारांतच पडतो. कोड तोच, मग फरक का? (विद्यार्थिनी, सांगली)

आधी हिशेब मांडू. लिनक्सवर मुख्य थ्रेडच्या स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ एमबी, म्हणजे ८३,८८,६०८ बाइट. टर्मिनलवर 'युलिमिट -एस' दिले की ८१९२ असा आकडा येतो, तो केबीमध्ये असतो. तुमच्या फंक्शनची एक फ्रेम, म्हणजे एका बोलावण्याने स्टॅकवर घेतलेली जागा, ९६ बाइटची धरा. परतीचा पत्ता, जपून ठेवलेली रजिस्टर्स, पॅरामीटर्स आणि लूपचा इटरेटर मिळून ऑप्टिमायझेशनशिवाय एवढी सहज होते. भागाकार केला की साधारण ८७,००० पातळ्या येतात. विंडोजवर लिंकर मुख्य थ्रेडला १ एमबी देतो, तिथे हाच भागाकार १०,९०० च्या आसपास येतो. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर दिसलेला आकडा हाच.

संतुलित झाडात दहा लाख नोड्स असले तरी खोली २० च्या आसपासच असते, म्हणून तिथे काही बिघडत नाही. साखळीत खोली दहा लाख. ८ एमबी दहा लाखांत वाटले तर एका पातळीच्या वाट्याला जेमतेम ८ बाइट येतात, आणि ६४-बिट यंत्रावर नुसता परतीचा पत्ताच ८ बाइटचा असतो. तेव्हा एखाद-दुसरा व्हेरिएबल कमी करून हे सुटणार नाही.

तुमच्या फंक्शनची खरी फ्रेम किती हे अंदाजाने ठरवू नका. जीसीसी कंपायलरला '-एफस्टॅक-युसेज' द्या. प्रत्येक सोर्स फाइलमागे '.एसयू' विस्ताराची एक साधी मजकूर फाइल तयार होते आणि तिच्यात फंक्शनचे नाव, बाइट्स आणि 'स्टॅटिक' किंवा 'डायनॅमिक' असा शेरा असतो. '-ओ०' (ऑप्टिमायझेशन नाही) आणि '-ओ२' (ऑप्टिमायझेशन चालू) या दोन्ही बिल्डसाठी हे करून पाहा, आकडे बरेच वेगळे निघतात. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची तपासणी) लावलेल्या बिल्डमध्ये फ्रेम आणखी फुगते. डीबग बिल्ड पडतो आणि रिलीज बिल्ड चालतो, यामागे बहुतेक वेळा हेच असते. दुसरे कारण असे की, फंक्शनची शेवटची कृती स्वतःलाच बोलावणे असेल तर '-ओ२' त्या बोलावण्याची उडी करून टाकतो आणि स्टॅक वाढतच नाही. मात्र त्या बोलावण्यानंतर एखाद्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर चालायचा असेल तर ही सवलत जाते. तिच्यावर विसंबून कोड लिहू नका.

पक्का उपाय म्हणजे स्टॅक आपला आपण हीपवर (प्रोग्राम मागेल तेव्हा मिळणाऱ्या मोठ्या मेमरीत) ठेवणे. इथे बरेच जण एक चूक करतात. नोड काढला की त्याची सगळी मुले एकदम स्टॅकवर ढकलतात. नुसते फिरून यायचे असेल तर हे चालते. पण 'सगळी मुले संपल्यावर मग या नोडचे काम', उदाहरणार्थ उपझाडाचा आकार मोजणे, करायचे असेल तर त्या कामाला जागाच उरत नाही. म्हणून स्टॅकवर दोन गोष्टींची जोडी ठेवा : नोडचा क्रमांक, आणि त्याचे पुढचे कितवे मूल पाहायचे ते. प्रत्येक फेरीत वरच्या जोडीकडे पाहा. मूल शिल्लक असेल तर दुसरा आकडा एकाने वाढवा आणि त्या मुलाची नवी जोडी शून्यापासून ढकला. मूल शिल्लक नसेल तर आधी या नोडचे शेवटचे काम करा, मग जोडी काढून टाका. आकडा वाढवणे आधी आणि ढकलणे नंतर, हा क्रम उलटा करू नका. ढकलताना व्हेक्टर दुसऱ्या जागी हलू शकतो, आणि मग जुन्या जोडीचा हातात धरलेला रेफरन्स मोडीत निघतो.

चार-चार बाइटचे दोन पूर्णांक म्हणजे जोडी ८ बाइटची. दहा लाख पातळ्यांना ८ एमबी, तेही हीपवर. रिकर्शनला त्याच कामासाठी ९६ एमबी लागले असते. व्हेक्टरला 'रिझर्व्ह'ने सुरुवातीलाच जागा दिली की मधली हलवाहलवही टळते.

रिकर्शन मुळातच वाईट आहे असे मात्र नाही. क्विकसॉर्टमध्ये लहान भागावर रिकर्शन आणि मोठ्या भागावर लूप चालवला तर शंभर कोटी घटकांनाही ३० च्या आसपास पातळ्या पुरतात. तिथे खोली कोडने बांधलेली आहे, डेटा कसाही येवो. तोच क्विकसॉर्ट पहिला घटक पिव्हट (यादीचे दोन भाग पाडणारा घटक) धरून दोन्ही भागांवर रिकर्शनने चालवला, तर आधीच क्रमाने लावलेली दहा लाख घटकांची यादी त्याला दहा लाख पातळ्या खाली नेते.

प्रश्न : आमची सी मधली सर्व्हिस ग्राहकाच्या सर्व्हरवर आठवड्यातून एकदा मरते. लॉगमध्ये काही नाही, फक्त एक्झिट कोड १३९. सेगफॉल्टसाठी सिग्नल हँडलर (तो सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन) लावला आहे, पण तो चाललेलाच दिसत नाही. स्टॅकच संपला हे ओळखायचे कसे? (वाचक, पिंपरी)

हँडलर न चालणे हाच इथला पहिला पुरावा. १३९ म्हणजे १२८ अधिक ११, आणि ११ हा सेगफॉल्टचा सिग्नल. हँडलर चालवण्याआधी कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला) त्याची फ्रेम प्रोग्रामच्या स्टॅकवर मांडावी लागते. स्टॅकच संपलेला असेल तर ती मांडायला जागा नसते. मग कर्नल हँडलरच्या वाटेला न जाता प्रक्रिया तिथेच संपवतो. नल पॉइंटरसारखी नेहमीची चूक असती तर तुमचा हँडलर चालला असता.

दुसरा पुरावा कर्नलच्या लॉगमध्ये सापडतो. 'डीमेसेज' चालवा आणि तुमच्या प्रोग्रामच्या नावाची 'सेगफॉल्ट ॲट' अशी ओळ शोधा. तिच्यात ज्या पत्त्यावर घोटाळा झाला तो पत्ता, मग 'आयपी' (चालू सूचनेचा पत्ता), मग 'एसपी' (स्टॅकच्या टोकाचा पत्ता) आणि शेवटी एरर क्रमांक असतो. पत्ता आणि एसपी शेजारी ठेवून वाचा. एसपीच्या शेवटी '०००' आणि पत्त्याच्या शेवटी 'एफएफ८' असेल, तर पत्ता एसपीच्या बरोबर ८ बाइट खाली आहे. म्हणजे 'कॉल' सूचना परतीचा पत्ता ठेवायला गेली आणि पुढचे पान (मेमरीचा ४ केबीचा तुकडा) मिळाले नाही. एरर ६ चा अर्थ : वापरकर्त्याच्या बाजूने, लिहिण्याचा प्रयत्न, पान हजर नाही. पत्ता एसपीच्या आसपास, एरर ६, आणि मुख्य थ्रेड असेल तर पत्त्याची सुरुवात '७एफएफ'ने, असे तिन्ही जुळले की शंका उरत नाही. पत्ता शून्य किंवा शून्याजवळचा असेल तर स्टॅकचा विषय सोडा आणि नल पॉइंटर शोधा.

आता कोअर डम्प (मरताना प्रोग्रामच्या मेमरीची घेतलेली प्रत) घ्या. सर्व्हिस सिस्टमडीखाली (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम) चालत असेल तर युनिट फाइलमध्ये 'लिमिटकोअर=इन्फिनिटी' लिहा. टर्मिनलवर दिलेले 'युलिमिट' सर्व्हिसला लागू होत नाही, स्टॅकच्या बाबतीतही 'लिमिटस्टॅक' तिथेच लिहावे लागते. नंतर 'कोअरडम्पसीटीएल जीडीबी' देऊन कोअर उघडा. नुसते 'बीटी' (बॅकट्रेस, म्हणजे फंक्शनच्या बोलावण्यांची यादी) दाबू नका, लाखभर ओळी सरकत राहतील. 'बीटी २०' ने आतल्या वीस फ्रेम्स पाहा आणि 'बीटी -२०' ने बाहेरच्या वीस. आतल्या वीसमध्ये तीच दोन-तीन फंक्शन्स आलटून पालटून दिसली तर रिकर्शन, आणि बाहेरच्या वीसमध्ये ते कुठून सुरू झाले ते दिसते. संपूर्ण बॅकट्रेस पंधरा-वीस फ्रेम्सचाच असेल तर रिकर्शन नाही, कुठल्या तरी एका फंक्शनने अवाढव्य लोकल ॲरे घेतला आहे. पूर्णांकांचा २००० गुणिले २००० चा लोकल ॲरे १ कोटी ६० लाख बाइटचा होतो आणि ८ एमबीत मावत नाही. एका पातळीची किंमत काढायची असेल तर 'फ्रेम ५' वर जाऊन आरएसपी (६४-बिट यंत्रावरचा एसपी) छापा, 'फ्रेम ६' वर जाऊन पुन्हा छापा आणि वजाबाकी करा.

हँडलर चालावा यासाठी 'सिगऑल्टस्टॅक' वापरा, म्हणजे हँडलरला त्याचा वेगळा स्टॅक मिळेल. यात चार गोष्टी चुकतात.

हँडलर नोंदवताना 'एसए_ऑनस्टॅक' हा झेंडा दिला नाही तर वेगळा स्टॅक असूनही तो वापरला जात नाही. ही चूक सर्वांत जास्त दिसते. दुसरे, सिगऑल्टस्टॅक ज्या त्या थ्रेडपुरता असतो. नव्या थ्रेडला तो वारशाने मिळत नाही, म्हणून प्रत्येक थ्रेडच्या सुरुवातीला लावावा लागतो. तिसरे, त्याचा आकार. जुनी पुस्तके 'सिगएसटीकेएसझेड' म्हणजे ८१९२ बाइट घ्यायला सांगतात. एव्हीएक्स-५१२ (५१२-बिट रजिस्टर्सचा सूचनासंच) असलेल्या प्रोसेसरवर रजिस्टर्स जपून ठेवण्यातच यातला मोठा भाग जातो. म्हणूनच जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.३४ पासून, म्हणजे २०२१ पासून, हा आकडा स्थिर राहिलेला नाही, आणि त्याने स्टॅटिक ॲरे जाहीर करणारा जुना कोड कंपाइल होताना अडतो. सरळ ६४ केबी 'एममॅप'ने घ्या. चौथे, हँडलरमध्ये 'प्रिंटएफ' किंवा 'मॅलॉक' नको. फक्त 'राइट' सिस्टम कॉलने एक तयार ओळ लिहा. 'एसए_रीसेटहँड' दिलेला असेल तर हँडलरमधून परतल्यावर तीच सूचना पुन्हा चालते, पुन्हा फॉल्ट होतो आणि या वेळी मूळ जागेचा कोअर पडतो.

कोणी 'लाँगजंप' (आधीच्या जागी थेट परतणारी उडी) मारून प्रोग्राम पुढे चालू ठेवायला सुचवेल. ते करू नका. स्टॅक संपला त्या क्षणी एखादे लॉक धरलेले असेल, मॅलॉकच्या याद्या अर्धवट जोडलेल्या असतील. तशा अवस्थेतून पुढे गेलेली सर्व्हिस चुकीचा डेटा लिहिते, आणि ते मरण्याहून वाईट. नोंद करा, मरू द्या, सिस्टमडीला पुन्हा सुरू करू द्या.

प्रश्न : डॉकर इमेज डेबियन लिनक्सवरून अल्पाइन लिनक्सवर नेली. कोडची एक ओळही बदलली नाही, तरी वर्कर थ्रेड्स सेगफॉल्टने पडू लागले. 'युलिमिट -एस अनलिमिटेड' करूनही फरक नाही. (वाचक, ठाणे)

डेबियनमध्ये जीलिबसी आहे, अल्पाइनमध्ये मसल ही दुसरी सी लायब्ररी. जीलिबसी नव्या थ्रेडला युलिमिटमधली मर्यादाच देते, म्हणजे सहसा ८ एमबी. मसल देते १२८ केबी. तुमच्या थ्रेड्सचा स्टॅक एका झटक्यात चौसष्टाव्या हिश्श्यावर आला. मुख्य थ्रेडचा स्टॅक कर्नल वाढवतो म्हणून तो तसाच ८ एमबीचा राहिला, आणि म्हणूनच पडतात ते फक्त वर्कर. मसल युलिमिट विचारतच नाही, त्यामुळे तुमच्या उपायाचा परिणाम दिसला नाही.

हाच उपाय जीलिबसीवर उलटा पडतो, हे फार थोड्यांना माहीत असते. मर्यादा 'अनलिमिटेड' असेल तर थ्रेडला किती द्यायचे हे जीलिबसीला त्यातून ठरवता येत नाही, मग ती आपला ठरलेला आकडा घेते, आणि एक्स८६-६४ वर तो २ एमबी आहे. म्हणजे 'अनलिमिटेड' म्हणताच थ्रेडचा स्टॅक ८ वरून २ एमबीवर येतो.

योग्य मार्ग असा की थ्रेड तयार करताना 'पीथ्रेड_ॲट्र_सेटस्टॅकसाइझ'ने आकार स्वतः सांगा. बहुतेक सर्व्हिसना १ एमबी भरपूर होतो. थ्रेड परक्या लायब्ररीत तयार होत असतील तर लिंकरला '-डब्ल्यूएल,-झेड,स्टॅक-साइझ=१०४८५७६' द्या, मसल तो आकडा वाचते. बाकी ठिकाणचे आकडेही माहीत असू द्या : मॅकओएसवर दुय्यम थ्रेडला ५१२ केबी, रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीत २ एमबी.

२०० थ्रेड्सना ८-८ एमबी म्हणजे १६०० एमबी रॅम गेली अशी भीती बाळगू नका. ती फक्त पत्त्यांची राखीव जागा आहे. प्रत्यक्ष रॅम हात लागलेल्या पानांनाच मिळते, ४-४ केबीने. ३२-बिट यंत्रावर मात्र पत्तेच अपुरे पडतात, तिथे आकार कमी ठेवावा लागतो.

याच्याशीच जोडलेला आणखी एक धोका आहे. थ्रेडच्या स्टॅकखाली सहसा एकच गार्ड पेज (हात लावताच फॉल्ट देणारे राखीव पान) असते, ४०९६ बाइटचे. ६४ केबीचा लोकल ॲरे घेणारे फंक्शन हे पान न शिवता थेट पलीकडच्या मेमरीत लिहू शकते. मग सेगफॉल्टही येत नाही, दुसऱ्याच कुणाचा तरी डेटा बिघडतो. २०१७ मध्ये उघड झालेला 'स्टॅक क्लॅश' हा हल्ला याच फटीचा होता. त्यानंतर लिनक्स कर्नलने मुख्य स्टॅकखालची मोकळी जागा एका पानावरून २५६ पानांची, म्हणजे १ एमबीची केली. थ्रेड्ससाठी जीसीसी ८ पासूनचा '-एफस्टॅक-क्लॅश-प्रोटेक्शन' वापरा. मोठी फ्रेम घेताना तो वाटेतल्या प्रत्येक पानाला स्पर्श करत जातो, त्यामुळे गार्ड पेज चुकवता येत नाही.

प्रश्न : एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरवर फ्रीआरटीओएस ही लहान ऑपरेटिंग सिस्टम. सेन्सर वाचून यूएआरटीवर (सिरियल पोर्टवर) छापणारा टास्क कधी तासाभराने, कधी दिवसाने हार्डफॉल्टमध्ये (प्रोसेसरच्या गंभीर बिघाडात) जातो. टास्कला १२८ स्टॅक दिला आहे. (वाचक, नाशिक)

हे १२८ बाइट नव्हेत, शब्द ('वर्ड', इथे ४-४ बाइटचे) आहेत. 'एक्सटास्कक्रिएट' आकार शब्दांत घेते, ३२-बिट कॉर्टेक्स प्रोसेसरवर ते ५१२ बाइट झाले. (ईएसपी३२ बोर्डांसाठीच्या ईएसपी-आयडीएफमधले फ्रीआरटीओएस मात्र बाइट घेते. एका बोर्डावरून दुसऱ्यावर कोड नेताना इथे हमखास गफलत होते.) आता ५१२ मधून वजाबाकी करा. टास्क बदलताना त्याची रजिस्टर्स त्याच्याच स्टॅकवर ठेवली जातात. कॉर्टेक्स-एम४ वर फ्लोटिंग पॉइंट वापरले असेल तर २०४ बाइट तिथेच गेले. 'एसप्रिंटएफ'साठी ओळ जुळवायला २५६ बाइटचा बफर घेतला असेल तर उरले ५२. त्यात प्रिंटएफच्या घराण्यातले कुठलेच फंक्शन मावत नाही, '%एफ' (दशांश संख्या छापणे) असेल तर नाहीच नाही. बिघाड कधी तासाने तर कधी दिवसाने होतो, कारण टास्क नेमका सर्वांत खोल असताना स्विच व्हावा लागतो.

आधी मोजा. टास्कला तात्पुरते १०२४ शब्द द्या, 'कॉन्फिगचेक_फॉर_स्टॅक_ओव्हरफ्लो' २ वर ठेवा आणि 'व्हीॲप्लिकेशनस्टॅकओव्हरफ्लोहुक' लिहा. हुकमध्ये इंटरप्ट बंद करून थांबा म्हणजे डीबगर तिथे पकडेल. मग टास्कमधून अधूनमधून 'यूएक्सटास्कगेटस्टॅकहायवॉटरमार्क' वाचा. आजवर कमीत कमी किती जागा शिल्लक राहिली ते ती सांगते, पुन्हा शब्दांतच. सगळे मार्ग चालवून घ्या, विशेषतः चुकांचे : सेन्सर काढून टाका, चुकीची फ्रेम पाठवा. चुकीचा संदेश छापणारा मार्गच बहुधा सर्वांत खोल असतो आणि चाचणीत नेमका तोच चालत नाही. प्रत्यक्ष वापर २६० शब्द निघाला तर ३५० च्या आसपास द्या.

पर्याय २ वरही डोळे झाकून विसंबू नका. तो टास्क स्विच होतानाच तपासतो, आणि पाहतो काय, तर स्टॅकच्या शेवटच्या १६ बाइटमधला '०एक्सए५' हा सुरुवातीलाच घातलेला भरणा शाबूत आहे का. जाहीर केलेला पण पूर्ण न भरलेला ॲरे ते १६ बाइट ओलांडून पुढे लिहू शकतो. तसे झाले तर तपासणीला काहीच दिसत नाही. बफर स्टॅकवरून काढून स्टॅटिक करा, तो एकच टास्क वापरत असेल तर यात काही धोका नाही.

इंटरप्टचा स्टॅक टास्कच्या स्टॅकहून वेगळा असतो. कॉर्टेक्स-एमवर इंटरप्ट हँडलर मुख्य स्टॅकवर चालतात आणि एसटीएम३२ च्या क्यूब साधनाने बनवलेल्या लिंकर स्क्रिप्टमध्ये (मेमरीची मांडणी सांगणाऱ्या फाइलमध्ये) त्याला '०एक्स४००', म्हणजे १०२४ बाइटच धरलेले असतात. नेहमीच्या मांडणीत तो रॅमच्या टोकापासून खाली वाढतो आणि खाली तुमचे ग्लोबल व्हेरिएबल्स असतात. भरून वाहिला की तो गुपचूप त्यांच्यावर लिहितो. लिंकर स्क्रिप्टमध्ये हा स्टॅक रॅमच्या अगदी तळाशी आणि डेटा त्याच्या वर ठेवला, तर स्टॅक संपताच तो रॅमच्या बाहेर लिहू पाहतो आणि तत्काळ फॉल्ट येतो. ओळीभराचा बदल, खर्च शून्य. आम्ही तो प्रत्येक नव्या बोर्डासाठी सुचवतो.

प्रश्न : 'स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड' असा संदेश येतो. युलिमिट वाढवले तरी जात नाही. (वाचक, कोल्हापूर)

जाणारही नाही. हा वेगळा आजार आहे. स्टॅक संपलेला नाही, लोकल ॲरेच्या हद्दीबाहेर लिहिले गेले आणि फ्रेममध्ये ठेवलेली पहाऱ्याची किंमत बदलली. एक्झिट कोड १३४ असेल, १३९ नव्हे. '-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस' लावून चालवा, कुठल्या ओळीने हद्द ओलांडली ते तो सांगेल.

प्रश्न : लिनक्स ड्रायव्हर लिहितो आहे. फंक्शनमध्ये ४ केबीचा बफर घेतला तर कंपायलर फ्रेमच्या आकाराबद्दल कुरकुरतो. दुर्लक्ष करावे का? (वाचक, पुणे)

नाही. एक्स८६-६४ वर कर्नलचा स्टॅक १६ केबीचा, २०१४ च्या ३.१५ आवृत्तीपूर्वी तो ८ केबीच होता. तो वाढत नाही, आणि तुमच्या आधी फाइल सिस्टम व ब्लॉक लेयर मिळून त्यातला बराच भाग खाऊन बसलेले असतात. ६४-बिट कर्नलमध्ये एका फ्रेमसाठी इशाऱ्याची रेषा सहसा २०४८ बाइटवर असते. बफर 'केमॅलॉक'ने घ्या, रिकर्शन टाळा, आणि 'व्हीमॅप_स्टॅक' चालू ठेवा म्हणजे स्टॅक संपल्यावर शेजारची मेमरी बिघडण्याऐवजी गार्ड पेजवर ठेच लागेल.

प्रश्न : दोन गोष्टी. युनिक पॉइंटरने (आपला नोड स्वतःच मोडणाऱ्या पॉइंटरने) बांधलेली दहा लाख नोड्सची लिंक्ड लिस्ट. कुठेही रिकर्शन लिहिलेले नाही, तरी प्रोग्राम संपताना स्टॅक ओव्हरफ्लो. आणि आमचा स्वतःचा जेसन (कंसांत गुंफलेला मजकूर-डेटा) वाचणारा पार्सर रिकर्सिव्ह आहे, तो सुरक्षित कसा करावा? (वाचक, म्युनिक)

पहिल्यात रिकर्शन आहे, ते कंपायलरने लिहिले आहे. पहिल्या नोडचा डिस्ट्रक्टर आपल्या 'नेक्स्ट'ला मोडतो, तो त्याच्या नेक्स्टला, असे दहा लाख वेळा. रस्टमध्ये 'बॉक्स'ने बांधलेली यादीही अशीच पडते. यादीच्या डिस्ट्रक्टरमध्ये ही एक ओळ घाला :

व्हाइल (हेड) हेड = एसटीडी::मूव्ह(हेड->नेक्स्ट);

दर फेरीत पुढचा नोड आधी सोडवून हातात येतो, मग जुना नोड मोडतो, आणि तोवर त्याचा नेक्स्ट रिकामा झालेला असतो. म्हणून डिस्ट्रक्टर एक पायरीच जातो. रस्टमध्ये 'ड्रॉप' स्वतः लिहा आणि 'टेक'ने नेक्स्ट काढून घेत लूप फिरवा.

पार्सरमध्ये खोली पाठवणारा ठरवतो. एक लाख उघडे चौकोनी कंस म्हणजे शंभर केबीची फाइल, ती बनवायला कुणाला एक सेकंद लागत नाही. त्यासाठी खोलीचा मोजणारा पूर्णांक पार्सरच्या स्थितीत ठेवा. कंस उघडला की वाढवा, बंद झाला की कमी करा आणि मर्यादा ओलांडताच नेहमीची पार्स-चूक परत करा. चूक परत जाण्याच्या प्रत्येक वाटेवर तो कमी होतो ना, हे पाहा. सी++ मध्ये यासाठी लहानसा गार्ड ऑब्जेक्ट ठेवला की विसरायला होत नाही. मर्यादा किती? प्रचलित लायब्ररींचे आकडे समोर ठेवा : रस्टच्या सर्ड-जेसनमध्ये १२८, प्रोटोबफमध्ये १००, लिबएक्सएमएल२ मध्ये २५६. माणसाने लिहिलेला डेटा वीस पातळ्यांच्या पुढे क्वचित जातो, त्यामुळे १२८ ने कुणाची अडचण होणार नाही.

इथे तीन जागा सुटतात. पार्सरला मर्यादा घातली, पण तयार झालेले झाड छापणाऱ्या, तुलना करणाऱ्या, कॉपी करणाऱ्या आणि मोडणाऱ्या फंक्शनना घातली नाही. तेच झाड कोडमधूनही बांधता येते, पार्सरमधूनच यायला हवे असे नाही. दुसरे, 'पार्सर लहान थ्रेडवर चालतो' ही गोष्ट मर्यादा ठरवताना विसरली. १२८ पातळ्या आणि एका पातळीला तीन फंक्शन्स मिळून ६०० बाइट धरले तर ७५ केबी होतात. मसलच्या १२८ केबीत ते मावतात, पण फार मोकळेपणाने नाही. तिसरे, 'गो भाषेमध्ये स्टॅक आपोआप वाढतो' म्हणून निर्धास्त राहिले. गोरूटीन (गोचा हलका थ्रेड) २ केबीपासून सुरू होते आणि ६४-बिट यंत्रावर १ जीबीपर्यंत वाढते, पण ती मर्यादा गाठली की सगळी प्रक्रियाच मरते. 'रिकव्हर'ने ते पकडता येत नाही.

चाचणी अशी ठेवा. एक लाख उघड्या कंसांची एक फाइल, मर्यादेइतक्याच खोलीची एक आणि मर्यादेहून एकाने जास्त अशी एक. पहिलीला आणि तिसरीला पार्स-चूक यायला हवी, दुसरी वाचली जायला हवी. हे तिन्ही 'युलिमिट -एस १०२४' दिलेल्या शेलमधून चालवा, म्हणजे १ एमबीच्या विंडोजवर काय होईल याचा अंदाज लिनक्सवरच येतो. मग तोच संच ॲड्रेस सॅनिटायझरच्या बिल्डवर चालवा. तिथे फ्रेम मोठ्या असल्याने दुसरी फाइल पडली, तर मर्यादा स्टॅकच्या फार जवळ ठेवली आहे असे समजा आणि १२८ च्या जागी ६४ करा.